मधली तपासणी

कुसुमताई, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय झालं होतं हो?" आणि घरातलं कुणीही दार उघडो, उत्तर एकच मिळतं, "किडनी गेली होती." किडनी म्हटलं की माणसं मान हलवतात. त्यांच्याही ओळखीत कुणाची तरी गेलेली असते. पुढचं कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. आठ वर्षं तुम्ही जे सोसलं, त्याचं नाव तुम्ही गेल्यावरही या घरात कुणी काढलेलं नाही. मीसुद्धा नाही. वीस वर्षं मी लॅबमध्ये नोकरी करते. अनोळखी माणसांच्या लघवीच्या डब्या रोज सकाळी माझ्या हातातून जातात, त्यांच्यावर मी नावं घालते, झाकणं घट्ट आहेत ना बघते. पण माझ्या सख्ख्या नणंदेला आठ वर्षं चोवीस तास लघवी गळत होती, हे एवढं साधं वाक्य मला येणाऱ्या बायकांसमोर बोलता येत नाही.

म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्हाला सगळं माहीतच आहे. किती माहीत होतं, तेवढंच मला कळायचं राहिलंय.

आपलं बिनसलं ते आमच्या वास्तुशांतीपासून. नाशिकच्या सिडकोतला हा फ्लॅट नवा होता, सोफा त्याहून नवा. तुम्ही नांदगावकडून पहिल्या गाडीने आलात, हातात पुरणाचा डबा. तुमची गर्भपिशवी काढून तेव्हा वर्ष होत आलं होतं, मला तेवढंच ठाऊक होतं. मी तुम्हाला सोफ्यावर बसवलं, पंगतीची तयारी बघायला आत गेले, आणि पानं वाढून होईतो तुम्ही निघून गेला होतात. न जेवता. तुमच्यासाठी आणलेली साडी टेबलावर तशीच. तुमच्या भावाने खाली जाऊन पाहिलं, तर तुम्ही रिक्षात बसलेल्या. "डोकं दुखतंय," एवढंच बोललात म्हणे.

मी काय समजले सांगू? बायकांच्या गर्दीत तुम्हाला आधी कुंकू लावायचं राहिलं, म्हणून तुम्ही रागावून गेलात. सोफ्यावर ओला डाग दिसला, कुणीतरी पाणी सांडलं असेल म्हणून मी कव्हर काढून धुवायला टाकलं. त्याच दुपारी माझ्या बहिणीला म्हणाले, "आमच्या वन्संना मान कमी पडला."

मग तुम्ही आमच्याकडे आलाच नाहीत. भाऊबीजेला अनिल तुमच्याकडे यायचे, ओवाळून घेऊन संध्याकाळच्या आत परत. मी एकदाच बरोबर आले होते, तेव्हा तुमच्या घरात फिनाईलचा इतका वास होता की घास गिळवेना. परतताना मी हसत म्हणाले, "ताईंच्या घरी जेवायचं म्हणजे दवाखान्यात जेवायचं." हे मी नंतरही दोन-तीन ठिकाणी सांगितलं, लोक हसायचे म्हणून. ताई, ते तुमच्या कानावर आलं होतं का? विचारायचं धाडस झालं नाही.

तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी तुमच्याकडे दोन दिवस राहिले. दुपारची वेळ, पुरुष माणसं ओट्यावर. मी हात धुवायला मागच्या अंगणात आले. दोरीवर एक जुनी नऊवारी पसरलेली होती आणि वाऱ्याने तिचा काठ उचलला, तर तिच्याआड कापडाचे चौकोन. सुती साड्या फाडून, चार पदरी करून, कडेने हातशिलाई घातलेले. वीस असतील, पंचवीस असतील. तुम्ही तिथेच भांडी घासत होतात.

"ताई, घरात कुणाचं बाळ आलंय का?"

तुम्ही राखेचे हात तसेच घेऊन उठलात आणि ते चौकोन दोरीवरून ओढून काढायला लागलात. ओले होते, तरी.

"नाय. माझेच हायेत."

"म्हणजे?"

"माझेच म्हणते ना, वैशाली. जा घरात."

मी गेले नाही. तुमच्या हातातून ते कापड घेतलं. तुमची बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, कायम पाण्यात असल्यासारखी. मग तुम्ही घासायच्या भांड्यांशी उकिडव्या बसलात आणि माझ्याकडे न बघता बोललात.

"ऑपरेशन झालं, नळी काढली, त्या दिवसापासून चालूय. डॉक्टर म्हणले, होईल बंद हळूहळू. मी वाट बघत ऱ्हायले."

"किती दिवस?"

"तुझी ऋतुजा आठवीत होती बघ."

ऋतुजा तेव्हा इंजिनीयर होऊन नोकरीला लागली होती. माझ्या मुलीच्या इयत्ता मोजत तुम्ही वाट बघत राहिला होतात.

"दाजींना माहीत आहे?"

"माहीत हाय. ते बाहेरच्या खोलीत झोपतात. बोलत नाय काही, वाईट बी बोलत नाय." मग तुम्ही म्हणालात, "तुझा सोफा खराब झाला. मला वाटलं, तू बघितलंस. आता हिच्यापुढं तोंड घेऊन कसं जायचं, म्हणून मंग आलेच नाय."

"बघितला होता मी डाग. मला वाटलं पाणी सांडलं."

तुम्ही वर पाहिलंत. सात वर्षं, ताई. तुम्हाला वाटत होतं मला किळस आली म्हणून मी बोलत नाही, आणि मला वाटत होतं तुम्हाला मान हवा होता.

मी आमच्या लॅबच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गर्भपिशवी काढताना लघवीच्या पिशवीला भोक पडलंय, ते खालच्या वाटेत उघडतंय. ते आपोआप कधीच बुजणार नव्हतं. पण शिवता येतं," त्या म्हणाल्या. "फक्त ते काम कुणीही करायचं नाही. मूत्रमार्ग नव्याने बांधणारे सर्जन वेगळे असतात. पुण्यात एक केंद्र आहे, तिथेच जा." शिवता येतं हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "शिवून काय करायचं आता, पन्नाशी उलटली." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात.

पहिला प्रवास आठवतो ना? तुम्ही आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ठक्कर बाजारच्या स्थानकात गाडीत चढल्यावर तुम्ही सीटवर आधी प्लास्टिक अंथरलंत, त्यावर टॉवेल, त्यावर साडी सावरून बसलात, सीटच्या अगदी कडेवर, जणू कोणत्याही क्षणी उठायचंय. संगमनेरला सगळी गाडी खाली उतरली. मी म्हटलं चला, पाय मोकळे करू. तुम्ही मान हलवलीत. कुणी मागून बघेल. पाच तास तुम्ही तशाच बसून होतात, खिडकी उघडी ठेवून, थंडीत, वास जावा म्हणून.

आणि पुण्यात त्या दवाखान्याच्या हॉलमध्ये तुमचा चेहरा बदलला. पोटातून नळी काढून पिशवी लावलेले पुरुष बसले होते, कुठून कुठून आलेले, कुणी हिंदी बोलणारे, कुणी गुजराती. तुमच्या शेजारी हिंगोलीकडची एक बाई बसली. तिने तुमचं प्लास्टिक पाहिलं आणि आपलं दाखवलं. "मला बाळंतपणात," ती म्हणाली. "तुम्हाला?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एवढे मोठे डोळे करून. आठ वर्षं तुम्ही समजत होतात की जगात हे एकट्या तुम्हालाच झालंय. मग दोन तास तुमची दोघींची जी बोलणी चालली! कुठलं कापड जास्त धरून ठेवतं, मांड्यांना खोबरेल बरं की तूप, कढत पाण्यात सोडा किती टाकायचा. मध्येच तुम्ही दोघी हसलात. आल्यापासून पहिल्यांदा.

सर्जन आपल्याकडे पाहून बोलणारा माणूस होता. दुर्बिणीने तपासलं, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर दाखवलं. भोक होतंच. पण डाव्या किडनीतून येणारी नळीही त्या जुन्या ऑपरेशनमध्येच टाक्यात आवळली गेली होती. ती किडनी आत आत सुकून गेली होती, तुम्हाला न कळता. "सगळी भिस्त उजवीवर आहे," ते म्हणाले. "तिला सारखं इन्फेक्शन होतंय, तुम्ही पाणी पीत नाही म्हणून आणखीच. आपण आधी औषधं देऊ, मग शिवू." सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी लॅबमध्ये असते हे कळल्यावर मला म्हणाले, "मग तुम्हीच दर पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन बघत जा. आता एक पूर्णांक सहा आहे. वाढलं तर लगेच फोन करा, आपण तारीख अलीकडे घेऊ."

मला म्हणाले, ताई. दाजींना नाही, अनिलना नाही. किडनी किती काम करते हे सांगणारा तो आकडा काय असतो, हे आपल्या सगळ्या घरात मला एकटीला कळत होतं.

आणि मग ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी मुहूर्त काढला तो तुमच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशीचा. तुम्ही तोवर आमच्याकडेच राहत होतात, औषधं चालू होती. स्वयंपाकघरात तुम्ही गवार मोडत होतात, मी कणीक मळत होते.

"माझी तारीख पुढं घे," तुम्ही म्हणालात. "आधी पोरीचं लग्न होऊ दे. मी तिकडं दवाखान्यात पडले, तर तू इकडं बघणार का तिकडं?"

"असं कसं, ताई?"

"आठ वर्ष ऱ्हायले. दोन महिन्यानं काय होतंय?"

मी "असं कसं" एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं ना? तुम्ही थांबला होतात, गवारीची शेंग हातात धरून. मला ते थांबणं दिसलं होतं. पण माझ्या डोक्यात कार्यालय होतं, रुखवत होतं, व्याह्यांकडची माणसं होती. मी म्हणाले, "बघते मग फोन करून." पुढची तारीख लग्नानंतर सात आठवड्यांची मिळाली. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि शेंगा मोडायला लागलात.

आता तो भाग.

पहिल्या पंधरा दिवसांनी मी तुमचं रक्त घेतलं, आकडा तोच. पुढच्या वेळी थोडा वर, १.७. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या लक्ष ठेव. तिसऱ्यांदा घेतलं ते लग्नाच्या सहा दिवस आधी. दुपारची वेळ, मॅडम घरी जेवायला गेलेल्या, मी एकटी. मशीनमधून कागद आला. २.१. मी सँपल पुन्हा लावलं. पुन्हा २.१. कमी पाणी पिणाऱ्या माणसाचाही आकडा जरा चढतो, असं मी स्वतःला सांगितलं. उन्हाळा लागलाय, घरात पाहुणे आहेत, ताई पाणी पीत नसणार. ते सगळं खरंही होतं. पण मला हेही माहीत होतं की फोन केला तर सर्जन उद्या या म्हणतील. उद्या हळदीची खरेदी होती. मी नसले तर कोण बघणार होतं? मी त्या कागदाची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. रजिस्टरमध्ये तुमचं नाव घातलं नाही. वीस वर्षांत असं मी कधी केलेलं नव्हतं.

घरी आले तर तुम्ही रुखवतासाठी करंज्यांना मुरड घालत बसला होतात, खाली प्लास्टिक, वर चटई.

"काय आलं गं?"

"ठीक आहे. पाणी जास्त प्या."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि पाणी प्यायला नाहीत. घर पाहुण्यांनी भरलेलं, न्हाणीघर एक.

लग्नात तुम्ही कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत होतात. चाव्या मीच तुमच्याकडे दिल्या होत्या, म्हणजे कुणी विचारलं तर तुम्हाला काम आहे असं दिसावं. तेवढी हुशारी मला सुचली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तुम्ही कोठीच्या दारात उभ्या राहून अक्षता टाकत होतात. स्टेजपर्यंत त्या पोहोचत नव्हत्या, मधल्या रिकाम्या खुर्च्यांवर पडत होत्या. मी स्टेजवरून बघत होते. ऋतुजा नंतर जावयांना घेऊन तुमच्याकडे आली, पाया पडली, तेव्हा तुम्ही एक पाऊल मागे सरकून तिला आशीर्वाद दिलात.

लग्नानंतर मी तुमचं रक्त घेतलंच नाही. म्हटलं, तारीख येतेच आहे, तिथे बघतीलच. खरं सांगायचं तर मला तो आकडा पुन्हा बघायचा नव्हता.

पुण्यात पोहोचलो तेव्हा तुमची पावलं सुजली होती. तिथे आकडा आला ३.४. सर्जनने फाइलची पानं मागे-पुढे केली.

"मध्ये तपासलं नाही? मी सांगितलं होतं."

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "घरात लग्न होतं. राहूनच गेलं."

तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होतात. तुमच्या कोपराच्या घडीत मी स्वतः सुई टोचली होती, तीनदा. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुमच्या हाताकडे पाहिलंत. मग पदर ओढून तो हात झाकून घेतलात.

एक शब्द बोलला नाहीत. तिथेही नाही, खाली चहाच्या टपरीवर नाही, त्यानंतर एकदाही नाही.

दहा दिवस त्यांनी फक्त तुमच्या किडनीला जपलं. सलाईन, इंजेक्शनं. आकडा खाली आला, पण पहिल्या जागी गेला नाही. सर्जन तुमच्या पलंगाच्या कडेला येऊन बसले. सरळ बोलले. म्हणाले, "मावशी, उजवी किडनीही फार दिवस पुरेल असं वाटत नाही. पुढे डायलिसिस लागेल. अशा वेळी एवढं मोठं ऑपरेशन करायचं की नाही, तुम्ही ठरवा. अवघड आहे, पण करता येईल."

मी विचारलं, "हेच दोन महिन्यांपूर्वी केलं असतं तर?"

"ते आता कुणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले.

तुम्ही आमच्या दोघांचं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "डॉक्टर, किती दिवस ऱ्हातेत ते ऱ्हाऊ द्या. जेवढे हायेत तेवढे कोरडे जाऊ द्या."

साडेचार तास लागले. तीन आठवडे नळी. दवाखान्याजवळच्या खोलीत मी तासातासाला ती नळी बघायचे, चेपली तर नाही ना, वाहते ना. मी एवढी काळजी घेत होते की तिथल्या सिस्टर म्हणायच्या, "अशी भावजय बघितली नाही." तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्यात.

नळी काढायच्या दिवशी त्यांनी आत निळं औषध भरलं, खाली पांढरा बोळा ठेवला आणि तुम्हाला चालायला लावलं. त्या खोलीतल्या खोलीत तुम्ही माझा हात धरून दहा फेऱ्या मारल्यात. सिस्टरने बोळा काढून दिव्याखाली धरला. पांढरा. उलटा करून पाहिला. पांढरा.

"कोरडं?" तुम्ही विचारलंत.

"कोरडं, मावशी."

तुम्ही तो बोळा हातात मागितलात. बघत बसलात.

परतीच्या गाडीत तुम्ही प्लास्टिक अंथरलं नाहीत. पिशवीतून काढलं होतंत, मग परत ठेवलंत. पाठ टेकून बसलात. नारायणगावला उसाचा रस प्यायलात, मला घाबरवत. आणि संगमनेर यायच्या जरा आधी तुम्ही माझं मनगट एकदम धरलंत.

"वैशाली."

"काय होतंय? दुखतंय?"

"मला लागलीय."

मला कळेचना. तुम्ही हसायला लागलात, हसता हसता डोळ्यांत पाणी. "अगं, लागलीय! कळतंय मला. भरलेली कळतीय." पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून बघितलं, तर तुम्ही त्याच्याकडे बघूनही हसलात. स्थानकात उतरून तुम्ही त्या घाणेरड्या स्वच्छतागृहाकडे अशा चालत गेलात, ताई, की मी बाहेर पिशव्या धरून उभी राहिले आणि रडले.

त्यापुढचे एकेचाळीस दिवस तुमचे. येवल्याला मला तुम्हीच ओढून नेलंत. पैठणीच्या दुकानात पांढरी शुभ्र गादी होती, तुम्ही तिच्यावर मध्यभागी मांडी घालून बसलात आणि दुकानदाराला एकामागून एक साड्या उलगडायला लावल्यात. "मोराचा पदर दाखवा. तो नाय, पलीकडचा." घ्यायचं काहीच नव्हतं. दोन तासांनी उठलात तेव्हा मागे वळून गादीकडे पाहिलंत. दुकानदाराला वाटलं, काही विसरलात. ऋतुजाच्या सासरी जाऊन तिच्या सासूशी दिवाणावर बसून गप्पा मारल्यात. आमच्या सोफ्यावर झोपलात, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. दाजींनी फोनवर विचारलं, कधी येणार घरी? तुम्ही म्हणालात, "येईन. घाई काय?" त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं आठ वर्षांत.

मग ताप आला. दोन दिवसांत लघवी कमी झाली, चेहरा सुजला. नाशिकच्याच दवाखान्यात नेलं, डायलिसिस सुरू केलं. पुण्याचे सर्जन फोनवर इथल्या डॉक्टरांशी बोलत होते. टाके नीट होते. त्यांनी शिवलेलं शेवटपर्यंत जागचं हललं नाही. उजव्या किडनीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. तुम्ही शुद्धीवर होतात. मी स्टूल ओढून जवळ बसले.

"ताई, मला एक सांगायचंय."

"नको."

"ऐकून तर घ्या. लग्नाच्या आधी मी ते रक्त..."

"लग्न चांगलं झालं ना पोरीचं?"

"झालं."

"मंग गप बस."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी बसून राहिले. तुमच्या हातावर माझा हात होता, तो तुम्ही झटकला नाहीत आणि धरलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

ताई, मला त्या "गप बस"चं काय करायचं कळत नाही. लोक म्हणतील, त्यांनी मन मोठं केलं. मला तसं वाटत नाही. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. शिव्या घातल्या असत्यात तर मी ऐकल्या असत्या. "माझे दिवस तू पोरीच्या हळदीला घातलेस" असं म्हणाला असतात तर ते निदान आपल्या दोघींचं झालं असतं. आता ते माझं एकटीचं आहे. की तुम्हाला ते माझं एकटीचंच ठेवायचं होतं? रोज सकाळी लॅबमध्ये पहिलं सँपल लावताना मी हे विचारते. कधी वाटतं, त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही मला वाचवलंत. कधी वाटतं, तुम्ही तेव्हाच माझ्यापासून हात काढून घेतलात. पदराखाली नेलेला हात कुणाला वाचवत होता, हे तुम्ही मला न सांगता गेलात. आणि तरी मला तुमचे आभारच मानावेसे वाटतात, कारण संगमनेरला तुम्ही माझंच मनगट धरलंत, दुसऱ्या कुणाचं नाही. मी तिथे असायला नको होतं असं वाटावं, इतकं मला ते जड जातं.

दहाव्याचे विधी इथेच, नाशिकच्या गंगेवर केले. सगळी माणसं आली होती, तुमच्या गावची, सिडकोतली, ऋतुजाच्या सासरची. पिंड ठेवला, कावळा शिवला, लगेच शिवला. बायका म्हणाल्या, काही इच्छा राहिली नव्हती बघ. मग अनिल सगळ्यांसमोर उभे राहिले. त्यांना बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे, कंपनीतल्या निरोपसमारंभातसुद्धा ते दोन वाक्यांत बसतात. पण त्या दिवशी बोलले. "माझ्या बहिणीला जे कुणी विचारलं नाही, ते माझ्या बायकोनं विचारलं. मी भाऊ असून मला कळलं नाही. हिनं तिला पुण्याला नेलं, हिनं तिची नळी धरली, सख्खी बहीण करणार नाही असं केलं." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मी रडतेय.

तेवढ्यात दाजी पुढे आले. तुमचे यजमान, पुण्याला एकदाही न आलेले, डोक्याचे केस काढलेले, ओल्या धोतरात. वयाने, मानाने माझ्याहून मोठे. सगळ्या माणसांत ते घाटाच्या दगडावर वाकले आणि माझ्या पायाला हात लावला. "तुम्ही होता म्हणून," एवढंच म्हणाले.

ताई, मी पाय मागे घेतले नाहीत.